तलासरीच्या वाटेवरचा शोमरोनी

डहाणूच्या ख्रिस्ती इतिहासातली कोणती गोष्ट आधी सांगाल, असे कुणी विचारले तर मी चर्चच्या पायाभरणीची सांगणार नाही, पहिल्या बाप्तिस्म्याचीही सांगणार नाही. मी पाय धुण्याची सांगेन.

१७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी आठ माणसांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला आणि एक छोटी मंडळी सुरू केली. राजाने ठरवून दिलेला धर्म त्यांना मान्य नव्हता. शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, असा त्यांचा नेम होता. छळ सुरू झाल्यावर ही माणसे पेनसिल्व्हेनियात गेली आणि पुढे त्यांची मंडळी चर्च ऑफ द ब्रेदरन या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रीतिभोजन हा तिचा जिव्हाळ्याचा विधी. प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावण्याआधी सगळे ओळीने बसतात आणि एकमेकांचे पाय धुऊन पुसतात. येशूने अखेरच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. या मंडळीतर्फे १८९४ मध्ये विल्बर आणि मेरी स्टोव्हर हे दांपत्य व बर्था रायन असे तिघे भारतात आले. त्यांनी बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, बस्तान बसवले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम डहाणूपर्यंत पोचले.

आपल्याकडे पाय धुतले जातात ते जावयाचे, साधुसंतांचे, थोरामोठ्यांचे. धुणारा लहान आणि धुऊन घेणारा मोठा, हा हिशेब पक्का. प्रीतिभोजनात तो हिशेबच उरत नाही, कारण ज्याचे पाय आत्ता धुतले गेले तोच लगेच दुसऱ्यापुढे वाकतो. आणि हा विधी घेऊन माणसे आली ती कुठे? जिथे वारली आदिवासीने लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलले की तो आणि त्याची बायको त्या सावकाराचे लग्नगडी होत, आणि कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेकदा मरेपर्यंत, त्याच्याकडे राबत. वेठ ही जिथे रोजची गोष्ट होती. अशा मुलुखात एका माणसाने दुसऱ्याचे पाय हातात घ्यावेत, याचा अर्थ समजावून सांगायला प्रवचनाची गरज नव्हती.

पुढच्या पानांचा विषय हाच आहे. ख्रिस्तावरचा विश्वास जगायचा म्हणजे काय करायचे? त्याचे उत्तर मी रोम, जेरुसलेम किंवा वसईत शोधत नाही. ते डहाणू आणि तलासरी या पालघर जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत शोधतो. तलासरीत दहांतली नऊ माणसे आदिवासी आहेत. डहाणूतही बहुसंख्य तेच. ख्रिस्ती थोडे. कॅथॉलिक आहेत, ब्रेदरनांचे वारस आहेत, आणि अलीकडच्या काळात घराघरांतून प्रार्थनेला जमणारे, ज्यांना पाड्यावर नुसते ‘विश्वासी’ म्हणतात, तेही आहेत. संख्या थोडी असली की श्रद्धेची परीक्षा सोपी होते, असे माझे मत आहे. जिथे आपण बहुसंख्य असतो तिथे प्रेम आपल्या माणसांतच फिरत राहिले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. इथे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की समोर दुसऱ्या श्रद्धेचा माणूस उभा असतो.

डहाणू रोडच्या ब्रेदरन मिशन दवाखान्यात डॉ. बार्बरा निकी यांनी आपल्या आयुष्याचा मोठा काळ काढला. त्या काळात आदिवासी बाई बाळंतपणात अडली तर तिच्यासाठी सुईण आणि भगत एवढेच काय ते आधार होते. बाईला बाई डॉक्टर मिळणे म्हणजे किती मोठी गोष्ट, हे आजच्या पालघरमध्येही ज्यांनी झोळीतून रुग्ण नेलेला पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. तलासरीत येशूसंघीयांनी ज्ञानमाता सदन उभे केले, शाळा चालवली, मुलांसाठी वसतिगृह ठेवले. वसतिगृह हा शब्द शहरात साधा वाटतो. इथे त्याचे गणित वेगळे आहे. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की पाडेच्या पाडे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. आईबाप भट्टीवर गेले की मूलही जाते, आणि एकदा गेले की पाटीपुस्तकाला मुकते. मुलाच्या निजण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेजवळ झाली, तरच त्याचे वर्ष वाचते. चौथीत सुटणारे मूल दहावीपर्यंत टिकले, तर त्यामागे अनेकदा कुणीतरी रांधलेला वरणभात असतो.

येथपर्यंतचे सांगणे कुठल्याही मिशनच्या शताब्दी स्मरणिकेत शोभले असते. पण ते तिथेच थांबवले तर खोटे होईल.

येशूने सांगितलेली शोमरोन्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. जेरुसलेमहून यरीहोला जाणारा एक माणूस लुटारूंच्या हाती सापडतो आणि अर्धमेला होऊन वाटेवर पडतो. याजक येतो, बघतो, वाट बदलून जातो. लेवीही तसेच करतो. मग येतो तो शोमरोनी. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन म्हणतो. प्रवचनांतून ही गोष्ट आम्ही ख्रिस्ती ऐकतो तेव्हा नकळत स्वतःला शोमरोन्याच्या जागी बसवतो. ऐकणाऱ्या यहुद्यांना मात्र ती गोष्ट झोंबली होती, कारण शोमरोनी त्यांच्या दृष्टीने चुकीच्या धर्माचा, चुकीच्या डोंगरावर उपासना करणारा, विटाळाचा माणूस होता. आपला नसलेला माणूस देवाच्या मर्जीप्रमाणे वागला आणि आपल्यातले दोन धर्माधिकारी वागले नाहीत, असे येशू त्यांना सांगत होता.

ही गोष्ट येशूने तलासरीत सांगितली असती तर शोमरोनी म्हणून त्याने कुणाला उभे केले असते? माझ्या मनात शंका नाही. गोदावरी परुळेकरांना.

२३ मे १९४५ रोजी तलासरी भागातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने त्यांना उभे केले होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला; जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. तरी माणसे मागे हटली नाहीत. लग्नगड्यांची प्रथा मोडली, वेठ मोडली. गोदावरीबाई कम्युनिस्ट होत्या. त्यांनी देवाचे नाव घेतले नाही, घ्यायला सांगितलेही नाही. पाड्यावर जाऊन राहिल्या, जे मिळाले ते खाल्ले, आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० साली आलेले पुस्तक लिहून त्या माणसांना मराठी साहित्यात कायमची जागा दिली. मिशनचा दवाखाना जखमा बांधत होता. जखमा करणाऱ्याचा हात मात्र लाल बावट्याने धरला. आम्हा ख्रिस्ती लोकांना हे मोठ्याने म्हणता आले पाहिजे. म्हणताना आवाज अडखळला, तर शोमरोन्याची गोष्ट आपल्याला अजून झोंबलेली नाही असे समजावे.

दुसरे नाव ताराबाई मोडकांचे आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघांचे. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी जे केले, ते आज देशभर अंगणवाडीच्या रूपाने पसरले आहे. आदिवासी मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात नेऊ; ते गुरे राखायला जाते, तर शाळा कुरणात नेऊ. बालशिक्षणाची ही तत्त्वे म्हणून आपण वाचतो. मला त्यात देहधारणेचा सगळा अर्थ दिसतो: माणूस आपल्यापर्यंत येईल याची वाट बघत न बसता आपणच खाली उतरून त्याच्यापर्यंत जायचे. आम्ही दर नाताळाला हे गोठ्यातल्या बाळाच्या रूपात मांडतो. ताराबाईंनी ते कोसबाडला कुडाच्या घरांपुढे करून दाखवले. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, त्यानंतरही अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, ते काम करत राहिल्या.

ख्रिस्ताचे प्रेम ख्रिस्ती नसलेल्यांच्या हातूनही वाहते, हे मान्य केले की आपल्या हातून जे वाहते त्याच्याकडे नीट पाहता येते. आणि तिथे एक प्रश्न टाळून चालत नाही. हे प्रेम कशासाठी? शाळा, औषध, धान्य, वसतिगृह यांच्या दुसऱ्या टोकाला बाप्तिस्मा बांधलेला आहे का? हा प्रश्न आजचा नाही आणि तो विचारणारे सगळेच द्वेषाने विचारत नाहीत. मराठीत तो सर्वांत तीव्रपणे विचारला गेला पंडिता रमाबाईंना. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले तेव्हा धर्माचा प्रसार करणार नाही असा शब्द दिला होता. त्या स्वतः प्रार्थना करत तेव्हा खोलीचे दार उघडे ठेवत, आणि काही मुली आत येऊन बसत. यावरून पुण्यात वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. दार उघडे ठेवणे हा शब्दभंग होता की प्रामाणिकपणा, यावर अजूनही दोन मते आहेत. मला रमाबाईंचे म्हणणे पटते, कारण आपली श्रद्धा लपवून केलेली सेवाही एक प्रकारची फसवणूकच असते. पण ज्याला गरज आहे त्याला दार उघडे आहे आणि ज्याची आत येण्याची इच्छा नाही त्याच्या ताटातला घास तेवढाच मोठा आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरे असावे लागते. शोमरोन्याने जखमी माणसाला त्याचे देऊळ कोणते हे विचारले नाही, आणि बरा झाल्यावर माझ्या डोंगरावर ये असेही सांगितले नाही. त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हातावर पैसे ठेवले आणि तो पुढच्या कामाला निघून गेला. परतफेडीची अपेक्षा नसलेले प्रेम कसे दिसते ते त्या निघून जाण्यात आहे.

दुष्काळात, साथीत, भुकेच्या दिवसांत दिलेल्या बाप्तिस्म्यांकडे मी म्हणूनच साशंकपणे पाहतो. उपाशी माणसाचा होकार हा होकार नसतो. संवत छप्पनच्या दुष्काळात गुजरातच्या पट्ट्यात मिशनांनी शेकडो अनाथ मुले जगवली, त्याबद्दल मनात आदरच आहे. त्या मुलांच्या वतीने धर्म कुणी ठरवला, हा प्रश्न त्या आदराच्या शेजारी बसूनच विचारायला हवा.

आता पाड्याकडे वळतो, कारण या विषयातली सर्वांत अवघड जागा तिथेच आहे. एखाद्या घरातला बाप दारू सोडतो, मारहाण थांबते, मजुरीचे पैसे घरापर्यंत पोचू लागतात. हे सगळे तो विश्वासी झाल्यावर घडले, असे त्याची बायको सांगते. ते खोटे नाही आणि हलक्यात घेण्यासारखे तर मुळीच नाही. ज्या घरात मोहाच्या दारूने जेवणाची भांडीसुद्धा गहाण पडली तिथे हा पालट म्हणजे पुनर्जन्मच. पण त्याच घरात दुसरेही काही सुरू होऊ शकते. चुलतभावाच्या लग्नाला जायचे नाही, कारण तिथे लग्न लावणारी धवलेरी गाणार आणि भिंतीवर देवीचा चौक लिहिला जाणार. गावदेवाच्या वर्गणीला हात आखडायचा. हिरवा, हिमाय, कणसरी, वाघोबा या पाड्याच्या देवांची नावे सैतानाची म्हणून घ्यायची. मग पाडाही तोंड फिरवतो, पाण्यावरून आणि मयताच्या जागेवरून भांडणे उठतात. दोन्ही बाजूंना आपण छळले जातोय असे वाटते, आणि पुष्कळदा दोघांचेही खरे असते.

देवाविषयी माझे म्हणणे स्पष्ट आहे, आणि विश्वासी माणसाने आपल्या मनाविरुद्ध पूजा करावी असे मी म्हणत नाही. पण आजीच्या देवाला शिवी देऊन येशूचा मान वाढत नाही. करिंथच्या मंडळीत मूर्तीला वाहिलेल्या अन्नावरून असाच वाद पेटला होता, तेव्हा पौलाने कोण बरोबर आहे याच्या आधी कुणाचे मन दुखावते आहे याचा विचार करायला सांगितले. लग्नात तारप्याभोवती नाचायचे नसेल तर नाचू नये. मांडवाची लाकडे आणायला, पाणी भरायला, पंगत वाढायला कोण अडवते? चुलत्याच्या मयताला खांदा द्यायला कोणता वचनाचा आधार लागतो? जिव्या सोमा म्हशे यांनी डहाणूच्या गंजाडहून जगापुढे नेली ती चित्रकला याच लग्नचौकातून आली, आणि त्या चित्रांत माणसे एकमेकांचे हात धरूनच गोल फिरतात. वारल्यांची ही समज आपण त्यांच्याकडून शिकण्याची आहे.

परक्याला थारा देण्याचा धडा तर या भूमीला कुणी बाहेरून येऊन दिलाच नाही. इथून जवळच संजाण आहे, जिथे इराणहून आलेल्या पारशांना आसरा मिळाला. संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बारडाच्या डोंगरावर बहरोटच्या लेण्यांत आणून जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. डहाणूच्या चिकूच्या वाड्या पिकवणारे इराणी पुढे आले. कुणाचा देव वेगळा म्हणून या डोंगराने कुणाला हाकलले नव्हते.

असे असूनही १६ एप्रिल २०२० ची रात्र याच डहाणू तालुक्यात उगवली. टाळेबंदीचे दिवस होते. मुले पळवणारे, अवयव काढून नेणारे चोर फिरताहेत अशी अफवा गावोगाव पसरली होती. त्याच आठवड्यात एका डॉक्टरांच्या गाडीवरही हल्ला झाला होता. अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक गडचिंचले गावाजवळ जमावाच्या हाती सापडले आणि पोलिसांच्या देखत मारले गेले. त्यानंतर या हत्येला धर्माचा रंग देण्याचा प्रयत्न झाला, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडेही बोट दाखवले गेले. तेव्हा अनेक ख्रिस्ती लोकांच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते स्वतःच्या बचावाचे. आरोप खोटा असेल तर तो खोडणे योग्यच. पण वाटेवर पडलेल्या माणसाशेजारी उभे राहून ‘हे मी केले नाही’ एवढेच म्हणणारा माणूस त्या याजकापेक्षा फार वेगळा ठरत नाही. साधूंची भगवी वस्त्रे ख्रिस्ती घरात शोकाची झाली पाहिजेत, चालकाच्या घरी त्या रात्री वाट बघणाऱ्यांचे दुःख आपल्या प्रार्थनेत नावानिशी आले पाहिजे. आणि अटक झालेल्यांच्या पाड्यांवर मागे राहिलेल्या बाया, पोरे, म्हातारे हेही त्याच प्रार्थनेत बसले पाहिजेत. ‘सगळ्यांवर प्रेम’ हे शब्द बोलायला सोपे आहेत. गडचिंचल्यात ते कुणाकुणाच्या दारात न्यावे लागतात ते पाहिले म्हणजे त्यांचे वजन कळते.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटीवरून, तलासरीवरून जातो. यरीहोची वाट इथे डांबरी आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा देशाचे लक्ष या रस्त्याकडे गेले. पण त्यावर नाव नसलेली माणसे सतत पडत असतात, दुचाकीवरून जाणारी, रस्ता ओलांडणारी. बघ्यांना भीती असते ती पोलिसांच्या जबाबाची. म्हणून सांगतो: २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि नंतर २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातल्या कलम १३४-अ ने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याने नाव सांगितलेच पाहिजे असे नाही, मदत करताना काही बिनसले तर त्याच्यावर खटला चालत नाही. आणि त्या कायद्यात अशा माणसाला इंग्रजीत दिलेले नाव शोमरोन्याचेच आहे. येशूच्या गोष्टीतला माणूस भारतीय संसदेच्या कायद्यात जाऊन बसला आहे. महामार्गालगतच्या प्रत्येक मंडळीत रविवारी या कलमाची माहिती दिली गेली आणि चार तरुणांना रक्तस्राव थांबवायला शिकवले गेले, तर मला ते प्रवचनाइतकेच पवित्र वाटेल.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या आसपास धरणीकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्या दिवशी एक लहान मुलगी गेली. लोक थंडीत घराबाहेर, ताडपत्रीखाली निजू लागले. अशा वेळी दोन दिवस ब्लँकेट वाटून फोटो काढणारे पुष्कळ येतात. धक्के मात्र महिनोन्‌महिने येत राहिले. प्रेमाची खरी गरज असते ती तिसऱ्या महिन्यात, वर्तमानपत्रे विसरल्यावर.

आणखी एक घर सांगतो, कारण ते नेहमी नजरेआड राहते. तलासरी-डहाणूचे कितीतरी तरुण गुजरातच्या बंदरांतून सुटणाऱ्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेष दिसत नाही. पाकिस्तानी यंत्रणा बोट पकडते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात पडतो, कधी कधी वर्षानुवर्षे. इकडे पाड्यावर बायको विधवा नसते आणि सवाष्ण असूनही एकटी असते. पैसा थांबतो, पत्र क्वचित येते, कागदपत्रांसाठी कुठल्या कार्यालयात जायचे ते ठाऊक नसते. तुरुंगातल्या माणसाची भेट म्हणजे माझीच भेट, अशा अर्थाचे येशूचे सांगणे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. कराचीपर्यंत आपल्याला जाता येत नाही, पण तहसील कार्यालयात त्या बाईबरोबर जाता येते, अर्ज लिहून देता येतो, शाळेत तिच्या मुलाची फी थकली का ते विचारता येते. ती बाई कोणत्या देवाला हात जोडते, याचा या कामाशी काडीचा संबंध नाही.

प्रेम बाहेर द्यायचे तर घरातही असावे लागते, आणि इथे आमची बाजू लंगडी आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात भारतातले ब्रेदरनही होते. काहींना ते विलीनीकरण मान्य नव्हते. मालमत्ता कुणाची या वादात दोन्ही पक्ष कोर्टात गेले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर निकाल द्यावा लागला. ज्यांच्या पूर्वजांनी शपथ घेणे आणि शस्त्र धरणे सोडले होते, आणि जे भाकर मोडण्याआधी एकमेकांचे पाय धुत होते, त्यांचे वारस दशकानुदशके वकीलपत्रांवर सह्या करत राहिले. जमिनी, इमारती, ट्रस्ट यांचा प्रश्न खोटा नाही, हे मला कळते. तरी ज्या पाड्यावर आपण क्षमेचा उपदेश घेऊन जातो तिथल्या माणसाने हा निकाल वाचला तर त्याला काय सांगायचे, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

एवढ्यात आदिवासी ख्रिस्ती माणसाच्या जातीच्या दाखल्याचा प्रश्नही तापला आहे. धर्म बदलला तर अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, अशी मागणी जोरात होते. आजच्या कायद्यात जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. हा हक्क जपायलाच हवा, आणि सभ्य मार्गाने भांडून जपायला हवा. पण मागणी करणारा वारलीही वारलीच आहे. त्याची जमीन जाते आहे, त्याचा पाडा उठतो आहे, आणि त्याच्या भीतीला कुणीतरी आपल्या अंगणातला शत्रू दाखवून दिला आहे. त्याच्याशी भांडताना त्याच्या सातबाऱ्यासाठी त्याच्याच बाजूने उभे राहणे शक्य आहे.

कारण पुढच्या काळात इथे होणारा मोठा बदल धर्मांतराचा नाही. १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेल्या आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या प्राधिकरणाने अनेक वर्षे राखलेल्या या डहाणूत ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटींच्या घरातला. बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग या तालुक्यांतून जातात. किनाऱ्यावरचा मच्छीमार बंदराविरुद्ध उभा आहे, कुणाला नोकरीची आशा आहे, कुणाची वाडी मोजणीत आली आहे. उद्या बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून मजूर येतील आणि पत्र्याच्या खोल्यांत राहतील. त्यांना इथली भाषा येणार नाही आणि इथल्यांना ते आपल्या पोटावर आलेले वाटतील. यातला प्रत्येक जण शेजारी आहे, आणि या शेजाऱ्यांची हिते एकमेकांच्या आड येणारी आहेत. मच्छीमाराच्या मोर्च्यात चालणारा ख्रिस्ती माणूस त्या पत्र्याच्या खोलीतल्या तापाने फणफणलेल्या परप्रांतीय मजुराला डहाणूच्या सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभा करून देईल का, आणि त्या मजुराला खोली देणाऱ्या मंडळीतला घरमालक भाड्याची पावती आणि पिण्याचे पाणी देईल का? ही कामे बंदरात पहिले जहाज लागण्याआधी हाती घ्यायची आहेत, आणि पुढची पाने ती कशी करता येतील याच्याच शोधात लिहिली आहेत.